पदक कशासाठी मिळालं?

मुरगूडसारख्या गावात कुणाला पुरस्कार मिळाला तर तो लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडाजवळ फ्लेक्स लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाची रांग लागते आणि आठवडाभरात शाल-श्रीफळाचा कार्यक्रमही उरकतो. पैलवानानं गदा आणली असेल तर कट्ट्यावरचा प्रत्येकजण सांगू शकतो, की समोर कोण होता, डाव कोणता टाकला आणि कुस्ती किती वेळ चालली. पण गावच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ‘मटेरिअल सायन्स’मधल्या संशोधनाबद्दल गौरवलं गेलं, तर फ्लेक्सवर फोटो मोठा आणि मजकूर गुळगुळीत असतो. नेमकं काय केलं म्हणून हा सन्मान मिळाला, हे कार्यक्रमाच्या अध्यक्षांनाही ठाऊक नसतं. दोष त्यांचा नाही. या विषयाची बातमी देणारेही पुरस्काराचं नाव छापतात आणि काम गाळून टाकतात.

खरं तर या शास्त्राशी कोल्हापूरकरांची ओळख फार जुनी आहे. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला ‘ग्रे आयर्न’ आणि ‘एसजी आयर्न’ यांतला फरक सांगायला लागत नाही. दोन्हीत लोखंड, कार्बन आणि सिलिकॉनच असतं. ग्रे आयर्नमध्ये कार्बनचे, म्हणजे ग्रॅफाइटचे, पापुद्रे असतात. पापुद्र्याच्या टोकापासून चीर सुरू होते, म्हणून घाव बसला की ओतकाम तडकतं. वितळलेल्या रसात थोडं मॅग्नेशियम घातलं आणि त्याचा शेकडा चार-पाच शतांश भाग जरी लोखंडात टिकला, तरी तेच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात जमतं आणि लोखंड चिवट होतं. हेच एसजी आयर्न. ही किमया १९४०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सापडली, आज कोल्हापुरातल्या भट्ट्यांवर ती रोजची आहे. घटक जवळजवळ तेच, पण आतली मांडणी बदलली आणि वागणूक बदलली. मांडणी आणि वागणूक यांचा हा संबंध शोधणं, आणि हवी ती वागणूक मिळावी म्हणून मांडणी घडवणं, हेच मटेरिअल सायन्स. ते लोखंडाबाबत असेल, प्लास्टिकबाबत, काचेबाबत किंवा बॅटरीतल्या पांढऱ्या-काळ्या पावडरींबाबत.

आता या शास्त्राला मोठ्या पुरस्कारांत स्वतःची खुर्ची नाही, ही पहिली गंमत. आल्फ्रेड नोबेलनं १८९५मध्ये मृत्युपत्र केलं तेव्हा भौतिकशास्त्र होतं, रसायनशास्त्र होतं, पण दोघांच्या बांधावरचं हे शेत कुणी वेगळं मोजलेलं नव्हतं. त्यामुळं इथली माणसं नोबेलच्या मांडवात कधी भौतिकशास्त्राच्या दारानं शिरतात, कधी रसायनशास्त्राच्या. विद्युतप्रवाह वाहून नेणाऱ्या प्लास्टिकला २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा ग्राफीन वेगळा काढणाऱ्या गाइम आणि नोव्होसेलोव यांना २०१०चं भौतिकशास्त्राचं मिळालं. लिथियम-आयन बॅटरीला २०१९चं रसायनशास्त्राचं, क्वांटम डॉट्सना २०२३चं, आणि आत पोकळ्या असलेल्या धातू-सेंद्रिय जाळ्यांना २०२५चं.

अशाच आणखी एका नोबेलची कथा मुरगूडच्या वाचकानं मुद्दाम वाचावी अशी आहे. जपानच्या शिकोकू बेटावर तोकुशिमा प्रांतात अनान नावाचं गाव आहे. टोकियो-ओसाकाच्या झगमगाटापासून दूर असलेल्या या गावात निचिया नावाची कंपनी दिव्यांसाठी लागणारी रसायनं बनवायची. तिथं १९७९मध्ये शुजी नाकामुरा हा अभियंता नोकरीला लागला. डॉक्टरेट नाही, नावाजलेल्या विद्यापीठाचा शिक्का नाही. लाल आणि हिरवा एलईडी तेव्हा बाजारात होता, पण निळा झगझगीत एलईडी जमत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड मिळत नाही. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांनी झिंक सेलेनाइड हा पदार्थ धरला होता. गॅलियम नायट्राइडचे स्फटिक नीट वाढतच नाहीत, म्हणून तो जवळपास सोडून दिलेला होता. नागोयात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो हे गुरु-शिष्य मात्र त्यालाच चिकटून होते. इकडं नाकामुरानं स्फटिक वाढवायचं यंत्र स्वतः मोडून-जोडून बदललं, वायूंचे प्रवाह दोन दिशांनी सोडले आणि १९९३मध्ये कंपनीनं झगझगीत निळा दिवा जाहीर केला. आपल्याकडं २०१५मध्ये ‘उजाला’ योजनेतून जे स्वस्त एलईडी बल्ब घरोघर गेले, त्यांच्या पोटात हाच निळा दिवा आहे. त्यावरच्या पिवळसर पावडरीमुळं तो आपल्याला पांढरा दिसतो.

नाकामुराला कंपनीनं बक्षीस दिलं वीस हजार येन. पुढं त्यानं दावा लावला. खालच्या न्यायालयानं २००४मध्ये २० अब्ज येन द्यायला सांगितले आणि अखेर २००५मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४मध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बक्षीस, मोबदला आणि सन्मान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही. एकाच कामासाठी तिन्ही मिळाल्या, पण प्रत्येक वेगळ्या हातातून आणि वेगळ्या वेळी.

वेळेचा मुद्दा आणखी ठसठशीत दिसतो तो डॅन शेक्टमन यांच्या बाबतीत. ८ एप्रिल १९८२ रोजी अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत त्यांना अणूंची अशी रचना दिसली, जी पुस्तकाप्रमाणं असूच शकत नव्हती. दोनदा नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग शेवटपर्यंत तिला मानायला तयार नव्हते. शेक्टमन यांना संशोधनगट सोडायला सांगण्यात आलं. नोबेल मिळालं २०११ साली, म्हणजे २९ वर्षांनी. जॉन गुडइनफ यांनी लिथियम बॅटरीसाठी कोबाल्ट ऑक्साइड सुचवलं ते १९८०मध्ये, सोनीनं बॅटरी विकायला काढली १९९१मध्ये आणि गुडइनफ यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय होतं ९७. इतका थकवणारा उशीर का? कारण या शास्त्रात नुसती कल्पना सुचून भागत नाही. पदार्थ बनवावा लागतो, तो पुन्हा पुन्हा तसाच बनतो हे दाखवावं लागतं, आणि जगाला त्याचा उपयोग कळायला वाट पाहावी लागते.

या शास्त्राच्या स्वतःच्या बिरादरीतले पुरस्कार मात्र वेगळे आहेत, आणि जाणकारांच्या लेखी त्यांचं वजन फार आहे. अमेरिकेतली मटेरिअल्स रिसर्च सोसायटी १९७३मध्ये सुरू झाली. तिचा सर्वोच्च सन्मान म्हणजे फॉन हिपल पुरस्कार. आर्थर फॉन हिपल हे नाझी राजवटीत जर्मनी सोडून अमेरिकेतल्या एमआयटीत गेलेले शास्त्रज्ञ. पहिला पुरस्कार १९७६मध्ये त्यांनाच दिला गेला. मानचिन्ह म्हणून देतात ती लेझरसाठी वापरतात तशी माणकाची कांडी, आणि मला ही निवड आवडते. पदार्थाच्या शास्त्रातला सन्मान पदार्थाच्याच रूपात द्यावा, सोनेरी मुलामा दिलेला कप नव्हे.

२०१७मध्ये हा पुरस्कार बंगळुरूच्या सी. एन. आर. राव यांना मिळाला. याच रावांनी १९८९मध्ये मटेरिअल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे एमआरएसआय, उभी केली. या संस्थेची पदकं, तिची विशेष व्याख्यानं हे भारतातल्या पदार्थ-संशोधकांचं घरचं कौतुक. नोबेलची बातमी पहिल्या पानावर येते. एमआरएसआयचं पदक जिल्हा आवृत्तीच्या कोपऱ्यात सापडतं, तेही घरच्यांनी पाठपुरावा केला तर. रावांच्या भारतरत्नाचं काय झालं ते आठवा. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते जाहीर झालं, त्याच दिवशी वानखेडेवर सचिन निवृत्त झाला आणि त्यालाही भारतरत्न जाहीर झालं. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात किती घरांत रावांच्या घन-अवस्थेच्या रसायनशास्त्रावर बोलणं झालं असेल, हे सांगायची गरज नाही.

मराठी माणसांचा या क्षेत्रातला सर्वांत सलग धागा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, सापडतो. तो भटनागर पारितोषिकाच्या यादीतून उलगडता येतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, पहिले महासंचालक शांतिस्वरूप भटनागर यांच्या नावाचं हे पारितोषिक १९५८पासून दिलं जाऊ लागलं. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्याला ते मिळत नसे. सात शाखा होत्या. त्यांतही ‘पदार्थ’ ही शाखा नव्हतीच, त्यामुळं पॉलिमरवाले अभियांत्रिकीत जाऊन बसायचे.

१९८२चं अभियांत्रिकीचं पारितोषिक रघुनाथ माशेलकर यांना मिळालं. गोव्यातल्या माशेल गावचे, मुंबईच्या गिरगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, यूडीसीटीत, शिकलेले. त्यांच्या शाळेतल्या भावे सरांच्या भिंगाची गोष्ट मराठी वाचकांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. त्यांच्या पारितोषिकामागं जे शास्त्र आहे ते मात्र फार कमी जणांनी वाचलेलं असतं. माशेलकरांचा विषय होता पॉलिमरची द्रावणं आणि जेल. काकवी घट्ट असते, पण सरळमार्गी असते. हळू ढवळा की जोरात, तिचा घट्टपणा फारसा बदलत नाही. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या विरघळलेलं द्रव तसं वागत नाही. जोरात ढवळलं तर ते पातळ होऊ शकतं, आणि फिरत्या दांडीवर चक्क वर चढतं. अशा द्रवांचा प्रवाह, त्यांतून होणारं वहन, पाणी पिऊन फुगणारे जेल यांची गणितं बसवणं हे त्यांचं काम.

त्यानंतर २००६मध्ये तेच पारितोषिक एनसीएलच्याच आशिष लेले यांना मिळालं, आणि २०१२मध्ये इन्फोसिस पारितोषिकही. वितळलेलं पॉलिमर साच्याच्या तोंडातून दाबून काढताना एका मर्यादेनंतर भिंतीवरून घसरायला लागतं, हा त्यांच्या अभ्यासातला एक भाग. वाचायला रुक्ष वाटतं. पण वेदगंगेच्या काठच्या उसात ठिबकची जी काळी नळी पसरलेली असते, ती अशीच साच्यातून काढलेली असते. वेग वाढवला की नळीचा पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो, आणि वेग न वाढवावा तर कारखान्याला परवडत नाही. हा पेच कारखानदारालाही माहीत असतो, त्याचं कारण रेणूंच्या पातळीवर शोधणं हे शास्त्रज्ञाचं काम. लेले आणि माशेलकर कॅलिफोर्नियातल्या एका गटाबरोबर २०१२मध्ये अशा जेलवरही काम करत होते, ज्याचे कापलेले दोन तुकडे आम्लयुक्त पाण्यात काही सेकंदांत पुन्हा जुळतात. पुढं लेले एनसीएलचे संचालकही झाले.

तिसरं नाव योगेश जोशी. पीएच.डी. एनसीएलमध्ये, नोकरी आयआयटी कानपूरला, भटनागर पारितोषिक २०१५चं. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून झालेला लगदा नुसता ठेवला तरी दिवसागणिक घट्ट होत जातो, त्याचं ‘वय’ वाढतं. टूथपेस्ट, क्रीम, रंग यांच्या बाबतीतही हेच घडतं. जोशींनी या वय वाढण्याचे नियम शोधले. १९८२, २००६, २०१५ अशी एकाच प्रयोगशाळेतून निघालेली ही माळ पाहिली की पदक व्यक्तीच्या गळ्यात पडत असलं तरी पिकतं कुठं हे कळतं. घराणं फक्त गाण्यातच असतं असं नाही.

कोल्हापूरचंही असं एक घराणं आहे, आणि माझ्या मते त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी आपण घेतलेली नाही. १९६२मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागानं पातळ थरांच्या, म्हणजे ‘थिन फिल्म’च्या, अभ्यासात नाव कमावलं. मायक्रॉनपेक्षाही पातळ थर काचेवर चढवायचा, तर रूढ मार्ग म्हणजे निर्वात यंत्रं. ती महाग, त्यांची देखभाल महाग, सुटा भाग बिघडला तर महिनोन्‌महिने थांबा. जिल्ह्याच्या विद्यापीठाला ते कसं परवडणार? चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक मार्ग धरला. बीकर, गरम पाण्याचं बाथ, काचेची पट्टी. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांच्या द्रावणात पट्टी उभी करून साठ-सत्तर अंश सेल्सिअसला ठेवली की तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर हळूहळू चढतो. काही प्रकारच्या सौर घटांत हा थर लागतो. दुसरी पद्धत ‘सिलार’, जी निकोलाउ यांनी १९८५मध्ये मांडली होती. पट्टी एका द्रावणात बुडवा, धुवा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, धुवा, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा चालवा. प्रत्येक फेरीत थर किंचित वाढतो.

ऐकायला शाळेतला प्रयोग वाटतो. कठीण भाग असा, की तपमान, आम्लता, वेळ यांत जरा फरक पडला की थर सुटतो, भेगाळतो किंवा दुसऱ्याच संयुगाचा तयार होतो. राजाराम माने आणि लोखंडे यांनी २०००मध्ये रासायनिक पद्धतीवर आणि हबीब पठाण व लोखंडे यांनी २००४मध्ये ‘सिलार’वर जे आढावा-लेख लिहिले, ते जगभरच्या प्रयोगशाळांत संदर्भ म्हणून वापरले गेले. माने पुढं नांदेडच्या विद्यापीठात गेले, पठाण पुण्याच्या. प्रमोद पाटील यांनी द्रावणाचा फवारा तापलेल्या काचेवर मारून थर बनवण्याच्या पद्धतीवर १९९९मध्ये असाच आढावा लिहिला. विजेचा हलका दाब दिला की रंग बदलणाऱ्या काचांवर त्यांचं काम आहे, आणि पुढं ते याच विद्यापीठाचे प्र-कुलगुरू झाले. मुरगूडच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून एसटीनं कोल्हापूर गाठणाऱ्या मुलांना पीएच.डी.ची आणि पुढं दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांची वाट दिसली ती या बीकरांमुळं. यात उणं काहीच नाही असं नाही. कॅडमियम विषारी आहे, उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट हा खरा प्रश्न आहे, आणि काचेच्या पट्टीवर जमलेली गोष्ट कारखान्यात उतरवण्याचा टप्पा बहुतेक वेळा गाठलेला नसतो. तरीही तुटपुंज्या साधनांत टिकणारं शास्त्र उभं करणं, याला माझ्या हिशेबात पदकाइतकीच किंमत आहे.

इथंच एक गफलत दूर करायला हवी. दरवर्षी ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ अमुक प्राध्यापक, अशा बातम्या येतात, आणि शिवाजी विद्यापीठातली नावं त्यांत असतात. ही स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल्सव्हिएरच्या माहितीवरून केलेली यादी आहे. कुणाच्या लेखांचे इतरांनी किती संदर्भ घेतले, लेखकांत त्याचं स्थान कोणतं, यावरून काढलेला तो आकडा. त्यात नाव येणं चांगलंच, पण तो पुरस्कार नव्हे. कुठल्याही समितीनं बसून काम वाचलेलं नसतं. याच्याही खालच्या पायरीवर एक बाजार आहे. ‘आपली आंतरराष्ट्रीय सन्मानासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा ई-मेल येतो, शुल्क भरलं की स्मृतिचिन्ह येतं, आणि गावाकडं त्याचाही तेवढाच मोठा फ्लेक्स लागतो. ज्या सन्मानासाठी घेणाऱ्यानं पैसे मोजले, तो सन्मान नव्हे, ती खरेदी. हे स्पष्ट बोलायला आपण संकोचतो, आणि त्या संकोचात खऱ्या संशोधकाचं नुकसान होतं.

सरकारी पातळीवर आता मांडणी बदलली आहे. जुन्या भटनागरच्या जागी २०२४पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आला. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्यांसाठी विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर, आणि गटासाठी विज्ञान टीम. पहिल्या वर्षी ३३ पुरस्कार दिले गेले. रोख रकमेऐवजी सनद आणि पदक. २०२५चं विज्ञान रत्न मरणोत्तर जयंत नारळीकरांना जाहीर झालं, आणि नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. या पुरस्काराच्या तेरा क्षेत्रांच्या यादीतही मटेरिअल सायन्सला वेगळा रकाना नाही. गटाला पुरस्कार देण्याची सोय मात्र मला फार योग्य वाटते, कारण या शास्त्रात एकट्यानं काहीच होत नाही. सूक्ष्मदर्शक चालवणारा, भट्टी सांभाळणारा, मोजमाप घेणारी विद्यार्थिनी, सगळ्यांचा हात असतो.

मुरगूड परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. गावातल्या कुणाला असा सन्मान मिळाला, तर सत्काराच्या आधी पुरस्काराबरोबर दिलेला निवडीचा मजकूर मागून घ्या. तो बहुधा दोन-चार ओळींचाच असतो. तो मराठीत करून फळ्यावर लिहा. मग त्या संशोधकाला भाषणासाठी नको, प्रयोगशाळेत बोलवा, आणि एक बीकर, एक काचेची पट्टी देऊन मुलांसमोर काम करून दाखवायला सांगा. कॅडमियम मात्र वापरू देऊ नका.